ग्रुपवर पाठवण्याआधी: सात नियम आणि त्यामागची कारणं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. सात वर्षांच्या मुलीला तातडीने ओ निगेटिव्ह रक्त हवं आहे, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. खाली एक मोबाइल नंबर. मी फारसा विचार न करता तो पाच ग्रुपवर ढकलला आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात चार्जर शोधायला लागलो.

माझ्या रूममेटचा रक्तगट ओ निगेटिव्ह. त्याने मेसेज वाचला, शर्ट अंगात घालता घालताच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक गृहस्थ होते. रूममेट म्हणाला, "काका, मी आत्ता निघतोय, कुठल्या हॉस्पिटलला येऊ?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, ती माझी मुलगी. चार महिने झाले तिला जाऊन. रोज पाच-सहा फोन येतात. तुझी काही चूक नाही, पण ज्याने पाठवलंय ना, त्याला सांग थांबवायला."

ज्याने पाठवलं होतं तो शेजारच्या कॉटवर बसला होता.

त्यानंतर आजपर्यंत मी बऱ्याच ग्रुपवर आहे. ऑफिसचे, कोडिंगचे, सोसायटीचे, ट्रेकचे, नातेवाइकांचे. यातल्या तीन ग्रुपचा तर मी अ‍ॅडमिनही आहे. ग्रुपवर कसं वागावं याच्या याद्या तुम्ही खूप वाचल्या असतील, 'गुड मॉर्निंग पाठवू नका' वगैरे. पण नियम का आहे हे कळलं नाही, तर तो पाळायचा कंटाळा येतो. म्हणून या लेखात नियम कमी आणि कारणं जास्त आहेत.

आधी समजून घेऊ: मेसेज जातो कुठे?

तुम्ही ग्रुपवर एक ओळ लिहिता, तेव्हा ती तुमच्या फोनवरच एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. सर्व्हर ती कुलूपबंद ओळ प्रत्येक सदस्याच्या फोनवर पोचवतो. पोचली की सर्व्हरवरून ती जाते. एखाद्याचा फोन बंद असेल तर जास्तीत जास्त ३० दिवस ती त्याची वाट बघते. म्हणजे २०० जणांच्या ग्रुपवर लिहिलेली गोष्ट कुठल्या एका फळ्यावर लिहिलेली नसते. ती २०० खिशांत गेलेली असते.

आता फॉरवर्डचं बघा. फॉरवर्ड केलेला मेसेज हा मूळ मेसेजचा धागा नसतो, ती एक नवी प्रत असते. मूळ पाठवणाऱ्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तर त्याच्या ग्रुपमधून मेसेज जातो, पण पुढे गेलेल्या प्रतींना हातही लागत नाही. पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज एडिट करता येतो, तेही फक्त त्याच प्रतीपुरतं. त्या मुलीच्या वडिलांनी आपला मूळ मेसेज कदाचित तेव्हाच पुसला असेल. तरी माझ्यापर्यंत आलेल्या प्रतीला ते कळण्याची काहीच सोय नव्हती.

थोडं गणित करू. समजा तुम्ही १०० जणांच्या पाच ग्रुपवर एक मेसेज टाकला. ५०० लोकांकडे गेला. त्यातल्या दर ५० मधल्या एकानेच, म्हणजे फक्त दहा जणांनी, तसंच केलं तर आणखी ५,००० लोक. पुन्हा त्यांच्यातल्या दर ५० मधल्या एकाने केलं तर ५०,०००. तीन पायऱ्यांत एक छोटं शहर. आणि प्रत्येकाला वाटतं, मी एकट्याने तर पाठवला.

हे नियम नवीन नाहीत

आपल्याला वाटतं हा त्रास व्हॉट्सअ‍ॅपने आणला. तसं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या कॉम्प्युटरवरून लोक विषयवार चर्चा करायला लागले. दर सप्टेंबरला कॉलेजमध्ये नवीन मुलं यायची, त्यांना चालीरीती माहीत नसायच्या, महिनाभर गोंधळ व्हायचा आणि मग ती मुलं शिकायची. १९९३-९४ च्या सुमाराला सामान्य ग्राहकांना इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी यूजनेटचं दार उघडलं आणि नवीन माणसं रोजच यायला लागली. जुन्या मंडळींनी त्याला नाव ठेवलं, 'न संपणारा सप्टेंबर'.

मग ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमध्ये काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला, आरएफसी १८५५. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम आणि सूचना ज्या मालिकेत प्रसिद्ध होतात ती मालिका. ईमेल कसा जातो, वेबपेज कसं येतं याच्या शेजारी 'माणसांनी कसं वागावं' हेही आलं. त्यातल्या सूचना आज वाचल्या की हसू येतं, कारण सगळ्या लागू पडतात. साखळी-पत्रं पाठवू नका. नवीन ठिकाणी बोलण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा. राग आला असेल तर उत्तर एक रात्र थांबवा. इंग्रजीत सगळं कॅपिटल लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं.

तीस वर्षं झाली, आपण अजून सप्टेंबरमध्येच आहोत. तर आता आपले सात नियम.

१. फॉरवर्ड करण्याआधी तारीख, ठिकाण आणि माणूस शोधा

मेसेजमध्ये तारीख नाही? मग तो 'आज'चा समजू नका. 'आज', 'उद्या', 'तातडीने' हे शब्द चार वर्षांनंतरही तेवढेच ताजे दिसतात. गाव, हॉस्पिटल, संस्था यांचं नाव नाही? मग तपासणार कुठे? आणि हे सांगणाऱ्या माणसाला तुम्हाला पाठवणारा ओळखतो का? विचारा. 'तुझ्या ओळखीचं आहे का?' हा एक प्रश्न बऱ्याच साखळ्या तोडतो.

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येतो. ही मर्यादा उगीच आलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्या काळात देशभर अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली.

अफवा पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. 'खरं असलं तर? काळजी घेतलेली बरी' असाच विचार असतो. माझाही हेतू चांगलाच होता.

२. आधी वाचा, मग लिहा

नवीन ग्रुपमध्ये आलात की तीन ठिकाणी बघा: ग्रुपचं डिस्क्रिप्शन, पिन केलेले मेसेज आणि सर्चचा भिंग. 'फॉर्मची शेवटची तारीख काय?' हा प्रश्न गेल्या तासात चार वेळा विचारून झालेला असतो. पाचव्यांदा विचारला की उत्तर देणारा वैतागतो आणि त्याचा राग निघतो सहाव्या माणसावर.

आणखी एक. ग्रुप कशासाठी आहे ते बघा. सोसायटीच्या पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवर टँकर कधी येणार एवढंच हवं असतं. तिथे क्रिकेटचा स्कोअर टाकला की लोक ग्रुप म्यूट करतात आणि ज्या दिवशी पाणी खरंच येणार नसतं, त्या दिवशीचा मेसेज कुणीच बघत नाही. अनावश्यक पोस्टचं खरं नुकसान हेच आहे. लोक कंटाळतात ते सोडा, कामाची सूचना पोचेनाशी होते.

३. प्रश्न पूर्ण विचारा

'हाय.' मग शांतता. मग 'कुणाला अँड्रॉइडचं माहितीये का?' मग पुन्हा शांतता. याला कोण काय उत्तर देणार? माहिती तर खूप जणांना असते, पण 'हो' म्हटलं की पुढे काय गळ्यात पडेल याचा अंदाज येत नाही, म्हणून सगळे गप्प बसतात.

त्यापेक्षा असं लिहा:

'माझा फोन अँड्रॉइड १३ वर आहे. बँकेचं अ‍ॅप उघडलं की लगेच बंद होतं. कालपर्यंत चालत होतं, काल रात्री अ‍ॅप अपडेट झालं. फोन रीस्टार्ट केला, कॅशे क्लिअर केली, फरक नाही. आणखी काय करून बघू?'

यात पाच गोष्टी आल्या: काय वापरताय, काय होतंय, कधीपासून, त्याआधी काय बदललं आणि तुम्ही काय करून पाहिलंत. उत्तर देणाऱ्याचे दहा उलटप्रश्न वाचले. माझा अनुभव असा की असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं.

एरर मेसेज आला असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'काहीतरी एरर येतोय' यातून काही कळत नाही. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर त्यात खातं क्रमांक किंवा ओटीपी दिसत नाही ना, हे आधी बघा.

४. उत्तर देताना माज नको, उत्तर मिळालं तर सांगा

हे माझं दुसरं पाप. कॉलेजच्या कोडिंग ग्रुपवर पहिल्या वर्षाच्या एका मुलाने जावा इन्स्टॉल करताना पाथ कुठे सेट करायचा असं विचारलं. मी लिहिलं, 'गुगल वापरता येतं का?' खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मला फार भारी वाटलं. पुढे दोन वर्षांनी तो मला कँटीनमध्ये भेटला तेव्हा सहज म्हणाला, "दादा, त्यानंतर मी ग्रुपवर काही विचारलंच नाही." गावाकडून आलेला मुलगा, पहिल्यांदा स्वतःचा लॅपटॉप घेतलेला. गुगलवर नेमकं काय शोधायचं हेच त्याला माहीत नव्हतं.

उत्तर येत असेल तर द्या. वेळ नसेल तर गप्प बसा, गप्प बसण्याने कुणाचं नुकसान होत नाही. आणि शोधायलाच सांगायचं असेल तर कुठले शब्द टाकून शोधायचं ते तरी सांगा.

प्रश्न विचारणाऱ्यासाठीही एक गोष्ट. काम झालं की 'झालं, थँक्स' एवढ्यावर थांबू नका. कशाने झालं ते एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी तोच प्रॉब्लेम आलेला माणूस ग्रुपमध्ये सर्च करणार आहे. त्याला तुमचं नुसतं 'झालं' सापडलं तर तो तुम्हाला शिव्याच देईल.

५. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो

१९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी तिथल्या ऑनलाइन बोर्डवर एक सूचना केली: विनोद असेल तर पुढे कोलन, डॅश आणि कंस ही चिन्हं काढत जा, म्हणजे आडवा हसरा चेहरा दिसेल. कारण काय, तर तिथल्या हुशार मंडळींनाही एकमेकांचे विनोद कळत नव्हते आणि भांडणं होत होती. आजच्या इमोजींच्या आधीची ही पायरी.

मराठीत आपल्याला कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून ओरडायला आपण पाच उद्गारचिन्हं टाकतो. त्याहून मोठा फरक आहे 'तू' आणि 'तुम्ही'चा. इंग्रजीत एकाच शब्दात भागतं. मराठीत समोरच्या डीपीवर गुलाबाचं फूल असेल तर तो माणूस बावीस वर्षांचा आहे की बासष्ट, कसं कळणार? अनोळखी ग्रुपवर सुरुवात 'तुम्ही'ने करा. समोरचा म्हणाला 'अरे तूच म्हण', तर आनंदच आहे. उलट दिशेने जाताना मात्र त्रास होतो.

रोमन लिपीत मराठी लिहीत असाल तर आणखी जपून. एकाच स्पेलिंगचं कुणी 'काल' वाचतं, कुणी 'काळ', कुणी 'कळ'. 'मला' आणि 'माळा'चंही तेच. अर्थ लागायला वेळ लागतो आणि कधी भलताच लागतो. देवनागरी कीबोर्ड फोनमध्ये असतोच, बोलून टाइप करायची सोयही आहे. महत्त्वाचा निरोप तरी देवनागरीत लिहा.

६. राग आला तर ग्रुप सोडून बोला

भांडण दोघांचं असतं, पण ग्रुपवर दोनशे प्रेक्षक असतात. प्रेक्षक असले की माघार घेणं म्हणजे हरणं वाटायला लागतं. समोरासमोर 'अरे चुकलं माझं' म्हणणारा माणूस ग्रुपवर शेवटपर्यंत लढतो. म्हणून एखाद्याची चूक दाखवायची असेल तर 'रिप्लाय प्रायव्हेटली' वापरा. मेसेजवर बोट दाबून धरलं की मेनूमध्ये तो पर्याय मिळतो.

मी स्वतः एक करतो. रागाचं उत्तर आधी नोट्समध्ये लिहितो, चॅटमध्ये नाही. चॅटमध्ये अंगठा घसरतो. सकाळी उठून वाचतो. दहातली आठ उत्तरं मी पाठवलेली नाहीत आणि त्यातल्या एकाचाही आजपर्यंत पश्चात्ताप झालेला नाही.

मात्र कुणी धमकी देत असेल, कुणा मुलीला त्रास देत असेल, तर तिथे गप्प बसणं म्हणजे शिष्टाचार नाही. स्क्रीनशॉट ठेवा, अ‍ॅडमिनला सांगा, रिपोर्ट करा आणि जिला त्रास होतोय तिला आधी विचारा की तिला काय हवंय.

७. दुसऱ्याची माहिती दुसऱ्याचीच

साध्या ग्रुपमध्ये एखाद्याला घेतलं की त्याचा मोबाइल नंबर सगळ्या सदस्यांना दिसू शकतो. म्हणून न विचारता कुणाला ग्रुपमध्ये टाकू नका, विशेषतः मैत्रिणींना. स्वतःसाठी सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जा आणि 'एव्हरीवन'च्या जागी 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. दोन मिनिटांचं काम.

एका ग्रुपवरचा स्क्रीनशॉट दुसरीकडे टाकताना विचारा. एन्क्रिप्शन वाटेत चोरून वाचणाऱ्यापासून वाचवतं, ग्रुपमधल्या मित्रापासून नाही.

आणि एक तांत्रिक बाब जी फार जणांना माहीत नसते: फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली लपलेली माहिती काढून टाकतं. क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला हेसुद्धा तिच्यात असतं. घरात काढलेला फोटो असेल तर तुमच्या घराचा पत्ताच गेला म्हणा.

अ‍ॅडमिन असाल तर

नियम चार ओळींत लिहून डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा आणि ते आपल्या मित्रांनाही लावा. एकाला काढायचं आणि त्याच चुकीसाठी दुसऱ्याला हसून सोडायचं, याने ग्रुप सगळ्यात लवकर मोडतो. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तो अधिकार वापरल्यावर का वापरला ते सांगा.

'कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिनला अटक होते' ही भीतीही बऱ्याच जणांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की, समान हेतू किंवा आधी ठरवलेली योजना दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. पण टाकणाऱ्याची जबाबदारी टाकणाऱ्याचीच राहते. 'आलं तसं पुढे पाठवलं' हा काही बचाव नाही.

मग रक्त हवं असेल तर काय करायचं?

पाठवायचंच नाही का? पाठवायचं, पण नीट. आधी ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर जवळच्या रक्तपेढ्यांचा साठा बघा. तरी गरज असेल तर मेसेजमध्ये एवढं लिहा: तारीख आणि वेळ, रुग्णालयाचं नाव आणि शहर, रक्तगट आणि किती युनिट, संपर्कासाठी एक नंबर आणि शेवटी 'हा मेसेज अमुक तारखेनंतर पुढे पाठवू नये'. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. प्रत मागे घेता येत नाही, पण तिची मुदत तिच्यावरच लिहून ठेवता येते. नंबर शक्यतो आईवडिलांचा देऊ नका, एखाद्या मित्राचा द्या. गरज भागली की जिथे जिथे टाकला तिथे 'रक्त मिळालं, आता पाठवू नका' असं लिहा.

आणि असा मेसेज तुमच्याकडे आला तर पुढे ढकलण्याआधी तो नंबर स्वतः लावा. माझ्या रूममेटने मेसेज वाचून आधी फोन लावला होता. मी फक्त अंगठा हलवला होता.

त्या रात्री मी पाचही ग्रुपवर जाऊन लिहिलं, 'तो मेसेज जुना आहे. मुलगी आता नाही. तिच्या वडिलांना फोन करू नका.' तीन ग्रुपवरून तोवर तो पुढे गेलेला होता. ज्यांनी पाठवला त्यांना मी एकेकाला फोन केला. दोघांनी त्यांच्या ग्रुपवर तसं लिहिलं. तिसरा म्हणाला, "जाऊ दे रे, कोण लक्षात ठेवतं." काकांचा नंबर नंतर बंद झाला की नाही, मला माहीत नाही. पुन्हा तो लावून बघायची माझी हिंमत झाली नाही.